वाचकांचे प्रश्न : जुना लॅपटॉप सुरू होत नाही, लिनक्स पुन्हा बसवावे का?

प्रश्न : मी डिचोली तालुक्यातील निवृत्त शिक्षक आहे. आमच्या गावच्या देवळातील उत्सवी नाटकांच्या संहिता, पात्रांच्या नकला आणि भजनी मंडळाचे हिशेब मी बरीच वर्षे एका लॅपटॉपवर टंकून ठेवत आलो आहे. लॅपटॉप २०१२ सालचा असून त्यात ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि लिनक्स मिंट ही ऑपरेटिंग सिस्टिम आहे. बॅटरी निकामी झाल्यामुळे तो चार्जर लावूनच चालतो. यंदा पावसाच्या सुरुवातीला काम चालू असतानाच वीज गेली, आणि तेव्हापासून लॅपटॉप सुरू होत नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत पुष्कळ ओळी येतात आणि शेवटी ‘इनिट्रॅमएफएस’ असा शब्द येऊन कर्सर लुकलुकत राहतो. ओळखीच्या एका तंत्रज्ञाने ‘फॉरमॅट मारून नवीन लिनक्स टाकून देतो’ असे सांगितले आहे. तसे करू द्यावे का? घरीच करायचे झाल्यास क्रम कोणता ठेवावा?

उत्तर : फॉरमॅट करू देऊ नका, निदान आत्ताच नको. लिनक्स पुन्हा बसवणे हे या सगळ्या प्रकरणातील सर्वांत सोपे आणि सर्वांत शेवटचे काम आहे. त्याआधीची दोन कामे, म्हणजे बिघाड कुठे आहे ते पाहणे आणि फाइली बाहेर काढणे, नीट झाली तर कदाचित पुन्हा बसवण्याची गरजच पडणार नाही.

लॅपटॉप नेमका कुठे अडतो ते आपल्या पत्रातच आले आहे. बटण दाबल्यावर आधी बायोस ही मदरबोर्डमधली व्यवस्था यंत्राची प्राथमिक तपासणी करते आणि डिस्कवरील ग्रब या छोट्या प्रोग्रॅमच्या हाती पुढचे काम सोपवते. ग्रब लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, आणि त्याच्यासोबत एक तात्पुरती, छोटी फाइल सिस्टिम (फाइलींची मांडणी) रॅममध्ये आणतो, आणि तिच्या आधाराने कर्नल डिस्कवरचे मुख्य पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, उघडतो. ‘इनिट्रॅमएफएस’ हे त्या तात्पुरत्या फाइल सिस्टिमचे नाव आहे. तिथे कर्सर थांबला याचा अर्थ बायोस, ग्रब आणि कर्नल हे तिन्ही टप्पे पार पडले आणि मुख्य पार्टिशन उघडताना मात्र अडचण आली. आपला पडदा, कीबोर्ड, रॅम आणि मदरबोर्ड बहुतेक ठीक आहेत, आणि संहिताही बहुतेक जागच्या जागी आहेत.

ही अडचण दोन कारणांनी येऊ शकते, आणि दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिले कारण असे की डिस्कवर काही लिहिले जात असतानाच वीज गेली आणि पार्टिशनच्या नोंदी अर्धवट राहिल्या. मिंट सहसा वापरते ती ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम आपल्या बदलांची आगाऊ नोंद ठेवत असल्याने एवढ्यावरून सहसा मोठे नुकसान होत नाही. पण बॅटरी नसलेल्या लॅपटॉपला आपल्याकडच्या पावसाळ्यात असे झटके पुन्हा पुन्हा बसत असतील, तर कधी ना कधी ती नोंदही अपुरी पडते. दुसरे कारण असे की फिरत्या तबकडीची ही हार्ड डिस्कच झिजली असून तिचे काही भाग आता वाचता येत नाहीत. इतक्या जुन्या डिस्कच्या बाबतीत ही शक्यता मी मुळीच दूरची मानत नाही. लॅपटॉप सुरू करताना कान डिस्कच्या बाजूला लावून ऐका. सलग, हलकी घरघर येत असेल तर ठीक. ठरावीक अंतराने ‘टक्, टक्’ असा आवाज येऊन ती पुन्हा फिरू लागत असेल, तर लगेच बंद करा आणि यापुढची कोणतीही कृती घरी करू नका. अशी डिस्क जितका वेळ चालू राहते तितकी फाइली परत मिळण्याची शक्यता कमी होते, आणि मग माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडेच ती न्यावी लागते.

पडद्यावरच्या ओळींत ‘रन एफएससीके मॅन्युअली’ अशी सूचना दिसत असेल. एफएससीके हा पार्टिशनच्या नोंदी तपासून दुरुस्त करणारा आदेश आहे आणि तो तिथेच चालवला की पुष्कळदा लॅपटॉप सुरळीत सुरू होतो. तरीही आपण तो आधी चालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुरुस्ती करताना हा आदेश डिस्कवर लिहितो, जोडता न आलेल्या फाइलींची नावे काढून त्या वेगळ्या फोल्डरात टाकतो, आणि डिस्कच झिजलेली असेल तर तिच्यावर मोठा ताण आणतो. ज्यांच्या संहितांची दुसरी प्रत कुठेच नाही, त्यांनी आधी प्रत काढावी आणि मग दुरुस्तीला हात घालावा.

प्रत काढण्यासाठी दुसऱ्या एखाद्या चालू संगणकावर लिनक्स मिंटची आयएसओ फाइल (संपूर्ण मिंट एका फाइलीत) अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. ही फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. विंडोजवर रुफस आणि मिंटवर ‘यूएसबी इमेज रायटर’ ही साधने ते काम करतात. पेनड्राइव्हवरील आधीचा सगळा मजकूर त्यात पुसला जातो, म्हणून रिकामाच पेनड्राइव्ह घ्या. संकेतस्थळावर फाइलीसोबत दिलेली ‘शा२५६’ ही लांबलचक खूण आपल्या फाइलीशी जुळते का तेही पाहावे, कारण उतरवताना इंटरनेट मध्येच तुटून फाइल अर्धवट आली, तर पुढे जे दोष दिसतात त्यांचा संशय माणूस उगाच लॅपटॉपवर घेतो. मग पेनड्राइव्ह जोडून लॅपटॉप सुरू करताना बूट मेन्यूची (कशावरून सुरू करायचे ते निवडण्याच्या यादीची) की दाबा: डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप, एसरवरही एफ१२च, पण तिथे ती आधी बायोसमध्ये चालू करावी लागते. पेनड्राइव्हवरून मिंट चालू झाले (यालाच ‘लाइव्ह’ म्हणतात) की डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल’चे चिन्ह दिसेल. त्याला आत्ता हात लावू नका.

मेन्यूमधून ‘डिस्क्स’ हे साधन उघडा, डाव्या बाजूला आपली ५०० जीबीची डिस्क निवडा आणि वरच्या कोपऱ्यातील मेन्यूतून ‘स्मार्ट डेटा’ पाहा. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी नोंद ठेवते ती ही. ओळी पुष्कळ असल्या तरी आपल्याला मुख्यतः दोनच पाहायच्या आहेत. पाचव्या क्रमांकाची ‘रीअलोकेटेड सेक्टर’ ही नोंद डिस्कने किती खराब जागा आजवर बाद करून बदलल्या ते सांगते, आणि १९७ व्या क्रमांकाची ‘करंट पेंडिंग सेक्टर’ ही नोंद सध्या किती जागा धड वाचता येत नाहीत ते सांगते. दोन्हींपुढे शून्य असेल तर डिस्कवर भरवसा ठेवायला बरीच जागा आहे. दुसऱ्या ओळीत शून्याहून मोठा आकडा असेल, आणि थोड्या वेळाने पाहिल्यावर तो वाढलेला दिसत असेल, तर डिस्क निवृत्त करण्याची वेळ आली आहे. फक्त १९९ व्या क्रमांकाच्या ‘सीआरसी एरर’चाच आकडा मोठा असल्यास दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो, डिस्कचा नव्हे.

डिस्क ठीक दिसली तर बाहेरची यूएसबी डिस्क जोडून होम फोल्डर, म्हणजे आपल्या सगळ्या फाइलींचे फोल्डर, तिच्यावर उतरवा. फोल्डरावर कुलपाचे चिन्ह दिसल्यास उजवे बटण दाबून ‘ओपन ॲज रूट’ निवडा. कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबल्यावर टिंबाने सुरू होणारे लपवलेले फोल्डर दिसू लागतात; फायरफॉक्सच्या खुणा आणि थंडरबर्डमधली पत्रे त्यांतच असतात. आपल्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत टंकलेला मजकूर आपल्या संग्रहात असेल, तर नुसत्या फाइली वाचवून भागणार नाही, कारण तो विशिष्ट फाँट नसलेल्या संगणकावर नाटकाचे पान उघडले की त्याजागी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. म्हणून होममधील टिंबाचे ‘फाँट्स’ फोल्डर आणि ‘यूएसआर’च्या ‘शेअर’मधील फाँटांचे फोल्डर, दोन्ही सोबत घ्या. लिनक्स बसवताना होम कूटबद्ध करण्याचा पर्याय निवडला असेल, तर त्या वेळच्या पासवर्डाखेरीज फाइली उघडणार नाहीत, हेही ध्यानात असावे.

डिस्क झिजलेली आढळली तर एकेक फाइल उतरवत बसू नका. जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन अशाच प्रसंगासाठी आहे. ते आधी सहज वाचता येणारा सगळा भाग नव्या डिस्कवर उतरवते, अडलेल्या जागा मागे ठेवून पुढे जाते आणि शेवटी त्या जागांकडे परत येते. शिवाय कुठवर काम झाले याची एक नकाशा-फाइल ठेवते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मात्र ही नकाशा-फाइल लाइव्ह पेनड्राइव्हच्या तात्पुरत्या जागेत न ठेवता बाहेरच्या वेगळ्या डिस्कवर ठेवायला हवी, नाहीतर विजेबरोबर तीही जाईल. नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी लागते. मूळ कोणते आणि लक्ष्य कोणते ही नावे उलटसुलट झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सगळे संपते, म्हणून आदेश देण्यापूर्वी दोन्हींचे आकार आणि नावे कागदावर लिहून घ्या आणि घरातल्या दुसऱ्या कुणाकडून ताडून पाहा.

प्रत सुरक्षित झाली की पेनड्राइव्हवरच्या मिंटमधून, मुख्य पार्टिशन उघडलेले नसताना, एफएससीके चालवायला हरकत नाही. तेवढ्यावर लॅपटॉप सुरू झाला तर काम झाले. सुरू न झाल्यास आणि आपण पूर्वी टाइमशिफ्ट या साधनाने प्रती ठेवल्या असल्यास त्यांतून व्यवस्था पूर्वपदावर आणता येते. त्या प्रतींत व्यवस्थेच्या फाइली असतात, आपले दस्तऐवज सहसा नसतात.

एवढे करूनही यश आले नाही, तरच पुन्हा बसवा, आणि माझे ऐकाल तर जुन्या डिस्कवर न बसवता नव्या एसएसडीवर (फिरती तबकडी नसलेल्या डिस्कवर) बसवा. २०१२ च्या सुमाराच्या बहुतेक लॅपटॉपांत अडीच इंची साटा एसएसडी सरळ बसते, २४० जीबीची आपल्या कामाला पुष्कळ झाली, आणि त्याच जुन्या यंत्राचा वेग त्या एका बदलाने जितका वाढतो तितका दुसऱ्या कशानेही वाढत नाही. मिंटची २२ ही मालिका २०२९ पर्यंत सुरक्षा-सुधारणा मिळवत राहणार आहे. ४ जीबी रॅमसाठी तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. नव्या, कोऱ्या एसएसडीवर ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडण्यात धोका नाही, फक्त बाहेरची डिस्क आणि जुनी डिस्क त्या वेळी लॅपटॉपला जोडलेली नसावी. जुन्याच डिस्कवर बसवणे भाग असेल आणि होम वेगळ्या पार्टिशनवर असेल, तर ‘समथिंग एल्स’ या पर्यायातून मुख्य पार्टिशनला फॉरमॅटची खूण करा, होमच्या पार्टिशनला पूर्वीचीच ‘होम’ ही जागा द्या पण फॉरमॅटची खूण करू नका, आणि वापरकर्त्याचे नाव पूर्वीचेच ठेवा.

हे सर्व झाल्यावर बॅटरी बदला किंवा लॅपटॉप यूपीएसवर चालवा. त्यावाचून पुढच्या जूनमध्ये हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. संहितांची एक प्रत मंडळातील दुसऱ्या कुणाच्या घरीही ठेवावी, असे मी आग्रहाने सुचवीन. गावोगावच्या उत्सवी नाटकांच्या अशा टंकलेल्या प्रती दुसरीकडे कुठे मिळत नाहीत.

प्रश्न : माझा लॅपटॉप काणकोणच्या घरी पावसाळाभर कपाटात बंद होता. आता सुरू केल्यावर ‘ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. मी पेनड्राइव्हवरून लिनक्स पुन्हा बसवले, इन्स्टॉलर शेवटपर्यंत व्यवस्थित गेला, तरीही तोच संदेश येतो. हार्ड डिस्क गेली असे समजावे का?

उत्तर : इन्स्टॉलर डिस्कवर व्यवस्थित लिहू शकला, त्या अर्थी डिस्क गेली असे लगेच म्हणता येत नाही. बायोसमध्ये जाऊन आधी तारीख पाहा. ती कित्येक वर्षे मागे गेलेली असेल, तर मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली आहे. ही सहसा ३ व्होल्टची सीआर२०३२ असते. काही लॅपटॉपांत ती दोन तारा जोडून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली असते, तेव्हा तशाच जोडणीची घ्यावी लागते. ती संपली आणि मुख्य बॅटरीही उतरली की बायोसमधील सगळ्या निवडी कारखान्यातून आल्या तशा होतात. पूर्वी यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारा लॅपटॉप मग लीगसी या जुन्या पद्धतीने सुरू होऊ पाहतो किंवा याच्या उलट होते, आणि डिस्क शाबूत असूनही त्याला तिच्यावर सुरू करण्याजोगे काही सापडत नाही.

आपण पुन्हा बसवल्यावरही तेच झाले, याचे कारण बहुधा असे असावे की पेनड्राइव्ह एका पद्धतीने सुरू झाला आणि डिस्कवरून सुरू होताना लॅपटॉप दुसरी पद्धत वापरतो. इन्स्टॉलर स्वतः ज्या पद्धतीने सुरू झाला असेल त्याच पद्धतीची मांडणी डिस्कवर करतो. लाइव्ह लिनक्समध्ये ‘सिस’ फोल्डरातील ‘फर्मवेअर’ उघडून पाहा. तिथे ‘ईएफआय’ नावाचे फोल्डर असेल तर आपण यूईएफआय पद्धतीत आहात, नसेल तर लीगसीत. बायोसमध्ये तीच एक पद्धत कायम करा. एवढ्याने न भागल्यास मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हमध्येच असलेले ‘बूट रिपेअर’ चालवा. लिनक्स तिसऱ्यांदा बसवण्याचे कारण नाही. तारीख दुरुस्त करायला मात्र विसरू नका, कारण ती चुकीची असली की सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत आणि नवे पॅकेज उतरवतानाही ‘फाइल अजून वैध झालेली नाही’ अशी तक्रार येते.

समुद्राकाठच्या खारट, दमट हवेत बंद ठेवलेल्या यंत्राबाबत आणखी एक पाहायला हवे. दिवे लागतात पण पडदा काळाच राहतो किंवा बीप वाजतात, असे पुढे कधी झाले तर चार्जर आणि बॅटरी काढून रॅमची पट्टी बाहेर काढावी, तिच्या सोनेरी दातांवर मळकट थर दिसेल तो पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावा, भुगा झटकावा आणि पट्टी ‘खट्’ आवाज होईपर्यंत पुन्हा बसवावी. यात लिनक्सचा काही संबंध नसतो, आणि पुष्कळ लॅपटॉप एवढ्यावर पुन्हा चालू होतात. पुढच्या पावसाळ्यात कपाटात ठेवण्याऐवजी तो आठवड्यातून एकदा तासभर चालवावा. आतली उष्णता ओल साचू देत नाही.

प्रश्न : मी फोंड्याला महाविद्यालयात शिकते. घरात १ जीबी रॅमचा एक फार जुना छोटा लॅपटॉप बंद पडून आहे. मिंटच्या पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर प्रोसेसरविषयी एक ओळ येते आणि तो तिथेच थांबतो. यावर कोणते लिनक्स चालेल?

उत्तर : ती ओळ ‘या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर हवा, पण आय६८६ आढळला’ अशा अर्थाची असेल, तर आपला प्रोसेसर ३२ बिटचा आहे आणि पेनड्राइव्हवरचे लिनक्स ६४ बिटचे. इंटेलच्या ॲटम मालिकेतील एन२७० हा प्रोसेसर असा आहे. त्याच मालिकेतील पुढचा एन४५० मात्र ६४ बिटचा आहे, म्हणून खालच्या बाजूचे स्टिकर एकदा नीट वाचा. प्रमुख लिनक्स आवृत्त्यांनी ३२ बिटची साथ एकेक करून सोडली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्येही अशा यंत्रासाठी इन्स्टॉलर नाही. डेबियन १२ वर आधारलेले अँटिएक्स २३ हे ३२ बिटच्या आवृत्तीतही मिळते आणि फार थोड्या रॅमवर चालते. मी तेच घ्यायला सांगेन.

अपेक्षा मात्र आधीच ठरवून घ्या. १ जीबी रॅममध्ये लिनक्स चालते, पण आजची संकेतस्थळे चालत नाहीत. ब्राउझरची दोन पाने उघडली की डिस्क घरघरू लागते. रॅम २ जीबी करता आली तर थोडा फरक पडेल, आणि अशा यंत्रांत त्याहून जास्त सहसा बसतही नाही. मराठी टंकलेखन, लिबर ऑफिसमधील टिपणे, प्रोग्रॅमिंगचा सराव एवढ्यासाठी हा लॅपटॉप वापरणार असाल तर त्यावर एक दुपार घालवणे योग्य ठरेल. ऑनलाइन तासांसाठी हवा असेल, तर नव्या डिस्कवर किंवा रॅमवर पैसे घालू नका. त्याऐवजी ६४ बिटचा, ४ जीबी रॅमचा वापरलेला लॅपटॉप शोधा आणि त्यावर मिंट एक्सएफसीई बसवा.